नऊ गावांचा घेवडा

बियाणे बँकेच्या शीतखोलीत पाकीट ठेवायला जागा उरली नव्हती आणि बाईंच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. उणे अठरा अंशांत चार हजार पाकिटं. दर काही वर्षांनी प्रत्येकातलं थोडं बी पेरायचं, ताजं धरायचं, पुन्हा भरून ठेवायचं. पेरायला माणसं दोन; त्यातल्या एकीची कंबर कामातून गेलेली. ती म्हणजे स्वतः बाईच.

शेवटी साहेब म्हणाले, "एकच वाण दोनदा आलं असेल तर दुसरं काढून टाका. पण डोळ्यांवर विसंबू नका, डीएनएचे मार्कर लावून बघा."

मग प्रत्येक नमुन्याचं कोवळं पान घेऊन त्यातला डीएनए काढायचा आणि त्यावरच्या ठरावीक खुणा एकमेकींशी ताडून बघायच्या, हा महिनाभराचा उद्योग झाला. दिसायला जुळे भाऊ वाटणारे घेवडे आतून परके निघाले, तोंडं न जुळणारे सख्खे निघाले. आणि एका सकाळी प्रयोगशाळेतली मुलगी कागद घेऊन आली.

"बाई, ही नऊ पाकिटं नऊ गावांची. पण खुणा तंतोतंत सारख्या. शेजारची शेतं असती तरी एकोणीस-वीसचा फरक पडला असता."

बाईंनी गोळा करणाऱ्याचं नाव वाचलं. त्यांचा थोरला भाऊ. एकतीस वर्षांपूर्वी डोंगर तुडवून त्यानं हे बी आणलं होतं, आणि त्याच्याच शब्दावर बाई इथे चिकटल्या होत्या.

"पुन्हा करून बघ," त्या म्हणाल्या.

पुन्हा केलं. तेच आलं.

सुट्टीच्या दिवशी त्या दादाकडे गेल्या. तो खिडकीशी पाय स्टुलावर टाकून बसला होता. त्यानं कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"तिसऱ्या दिवशी पायांना फोड आले होते, चिमे. पहिल्या गावात एका बाईनं पोतं उघडून दिलं. वर अजून आठ गावं, आणि दर गावाआधी एक चढ. तिथंच पायरीवर बसून नऊ पाकिटं भरली. गावांची नावं नकाशात बघून घातली."

"आणि कुणाला कळलं असतं तर?"

"घेवड्यासारखा घेवडा. कोण विचारणार होतं?"

"तो एकच घेवडा मी पाच वेळा नऊ वाफ्यांत पेरलाय, दादा. वेगवेगळा म्हणून. ओणवी होऊन."

वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थबकली होती.

"लिहून टाक," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "माझं तोंड बघत बसू नकोस."

रागवावं एवढाही जीव बाईंत नव्हता. बसमध्ये त्यांच्या मनात आलं, नुसतं 'दुबार' लिहिलं तरी भागेल. आठ पाकिटं जातील, जागा होईल, साहेब खूश. पण मग त्या आठ गावांचं बी आपल्याकडे जपलेलं आहे, हे खोटं तसंच राहील, आणि त्याच भरवशावर तिकडे कुणी फिरकणारही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं: एक नमुना खरा; उरलेल्या आठ गावांतून बी कधी आणलंच नाही. खाली कारण आणि भावाचं नाव.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "म्हणजे जागा झाली बाई, पण काम वाढलं."

"वाढलं."

आठवडाभर बाई त्या आठ गावांत फोन करत होत्या. पाच गावांत कितीतरी वर्षं दुकानातलंच बी पेरत होते. दोन गावं उठून गेली होती. आठव्या गावातला एक माणूस म्हणाला, कुंपणाला लावतात अजून दोन-तीन घरं. काढणीला या, देऊ मूठभर.

बाईंनी दादाला फोनवर तेवढं कळवलं.

"मी येऊ का?" त्यानं विचारलं.

"आणि गुडघे?"

"गाडी जात असेल ना आता?"

बाईंना नको होतं. त्याचं ऐकून घ्यायला, त्याला सांभाळायला, कशालाच ताकद नव्हती. पण तो फोन धरून थांबला होता.

"वहिनीला विचार आणि ये," त्या म्हणाल्या, आणि आठ पाकिटं काढायला स्वेटर चढवून शीतखोलीकडे गेल्या.