ड्युटी आठला संपते

सिव्हिलमधून सिस्टर म्हणून रिटायर झाल्यावर मी वर्तकनगरात मुलींसाठी वर्ग काढला. आजाऱ्यांची देखभाल शिकवण्याचा. पेशंटला उचलणं, अंघोळ घालणं शिकवलंच, पण त्याहून जास्त स्वतःला जपणं शिकवलं. पेशंटकडचे "तू आमची मुलगीच" म्हणाले की सावध व्हायचं. आज मुलगी म्हणतात, उद्या धुणीभांडी गळ्यात घालतात. आठला ड्युटी संपली की निघायचं. माझी जीभ तिखट, पण मुली शिकल्या, कमवायला लागल्या.

यंदा बाथरूममध्ये घसरून माझंच खुब्याचं हाड मोडलं. मुलगा विनीत कॅनडात. त्याने तिथूनच एजन्सीला फोन केला. आली कोण, तर कोलशेतची दर्शना, माझीच विद्यार्थिनी! म्हटलं, चला, बोलायला कोणीतरी मिळालं.

कसलं काय! कामात नाव ठेवायला जागा नाही, पण बोलणं कामापुरतं. डबासुद्धा गॅलरीत बसून खायची. मी मुद्दाम वर्गातल्या गोष्टी काढायचे. "हो मॅडम," म्हणत ती चादर बदलायची. दिवसभर घरात माणूस असून मला एकटं वाटायचं, आणि ती गेली की घर खायला उठायचं.

एका संध्याकाळी तिच्या निघायच्या वेळी मला राहवलं नाही. "दर्शना, आज इथेच जेव गं. एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही."

ती थबकली. मग दोघींची ताटं वाढून आणली आणि पलंगाशी स्टूल ओढून बसली. किती दिवसांनी मला भूक लागली!

इतक्यात तिचा फोन वाजला. "येते गो बाय, थांब जरा," म्हणून तिने ठेवला.

"मुलगी?"

"हो. पहिलीत आहे. शेजारच्यांकडे बसते मी येईपर्यंत." मग हसून म्हणाली, "पण मी रोज थांबत जाईन ना थोडा वेळ. पैसे नकोत. तुम्ही मला आईसारख्याच, मॅडम."

हेच तर ऐकायचं होतं मला. 'थांब' अगदी ओठांवर आलं होतं.

"ऊठ!" मी ओरडले. "फुकट थांबायला कोणी शिकवलं तुला? आज माझ्याकडे थांबशील, उद्या दुसऱ्याकडे. पोर वाट बघतेय तिकडे. नीघ!"

तिचा चेहरा पडला. हात धुऊन "सॉरी मॅडम" म्हणाली आणि आपलं अर्धं ताट तसंच टाकून गेली.

आता ती आठच्या ठोक्याला निघते. पूर्वीइतकंही बोलत नाही. बरोबरच करते. तिने झाकून ठेवलेलं जेवण मी तसंच ठेवते आणि सकाळची वाट बघते.