पांढरं आणि पिवळं

बन्सीअण्णांच्या संसारात दोन स्वयंपाकघरं होती. एक आत, साळूबाईंचं. दुसरं पुंडलिकनगरच्या त्याच घराच्या मागच्या गॅलरीत: एक शेगडी, एक काळं पातेलं, एक चेपलेली थाळी आणि खुद्द अण्णा. साळूबाईंच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ. त्यामुळं मटण असो की अंडं, अण्णांनी बाहेर शिजवायचं, बाहेरच खायचं आणि चूळ भरून माणसांत परत यायचं. यात आपल्यावर अन्याय होतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. गॅलरीत वारा छान लागायचा.

मग साळूबाईंच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. अंगातली ताकद उतरत चालली, तेव्हा दवाखान्यात आहार सांगणाऱ्या अमृता मॅडम म्हणाल्या, "आजींना प्रोटीन कमी पडतंय. रोज अंड्यातलं पांढरं द्या."

"माळकरी हाय ती," अण्णा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच डाळीची वकिली करायला उभे राहिले. "वाटीभर वरणात अंड्याएवढंच असतं म्हणं."

"असतं. पण पोटॅशियमही असतं. वरण त्यांना मोजूनच द्यायचंय."

"मूठभर शेंगदाणे?"

"ते अंड्याच्या बरोबरीचे. पण फॉस्फरस फार."

"दूध, पनीर?"

"तिथंही फॉस्फरस."

"सोयाबीन तर मटणाला मागं टाकतं म्हणत्यात!"

"टाकतं की आजोबा. पण आजींच्या किडनीला झेपायला नको?"

अण्णा खटला हरले. जन्मभर ज्या बाजूनं जेवले ती बाजू जिंकली होती, आणि त्यांना रडू येत होतं.

साळूबाईंनी घरी सगळं ऐकून घेतलं. "जन्मभर तुमाला बाहेर बसवलं. आता मीच खाऊ व्हय?"

"औषध समज."

"कोंबडीच्या मागून येतं ते कसलं औषध?"

बरेच दिवस हेच चाललं. साळूबाईंना उठून बसवायलाही हात द्यावा लागू लागला. एका संध्याकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "खाते. पण माळ उतरवावी लागंल. अन् ती खुंटीला नाय टांगायची. तुमी घाला."

"मी?"

"मी बरी झाले की परत घेईन. तोवर सांभाळा."

बुधवार, शुक्रवार, रविवार असे सगळे मटणाचे वार हात हलवत अण्णांच्या डोळ्यांपुढून निघून गेले. त्यांनी मान वाकवली. लग्नात हारासाठी वाकवली होती, त्यानंतर आताच.

साळूबाईंनी घरात मात्र अंडं येऊ दिलं नाही. त्याच गॅलरीत पाटावर बसून, नाकाला पदर लावून खाल्लं.

"कसं लागतं?"

"खडू चावल्यावाणी. ह्याच्यासाठी जन्मभर इथं बसला व्हय तुमी?"

"पिवळ्यासाठी," अण्णा म्हणाले.

पिवळं साळूबाईंना फॉस्फरसपायी बंद, अण्णांना माळेपायी. ते शेजारच्या मांजराला जायचं. त्या घरात तब्येत सुधारली ती आधी मांजराची. मग साळूबाईंचाही रिपोर्ट थोडा वर सरकला. मॅडम खूश झाल्या. साळूबाई अण्णांच्या गळ्याकडं बघून म्हणाल्या, "घामानं काळी नका करू. माझी हाय ती."

थंडीत कुठलंसं इन्फेक्शन झालं आणि त्या गेल्या. प्रोटीन भरलं होतं. बाकीचं उणं पडलं.

दिवसकार्य उरकल्यावर विश्वजीत, त्यांचा मुलगा, पुण्याला निघाला. बापाकडं बघून थबकला. "बाबा, किती वाळलात. माळ काढा आता. गॅलरीत अंडी पडलीत, दोन उकडून खा."

"माळ माझी कुठं हाय? सांभाळायला दिलीय."

"मग परत कुणाला देणार?"

अण्णांनी त्याची बॅग रिक्षात ठेवली.

परत येऊन त्यांनी गॅलरीत शेगडी पेटवली. उरलेली दोन अंडी उकडली, सोलली, आणि हाताच्या सवयीनं पांढरं एकीकडं, पिवळं एकीकडं केलं. मांजर आलं. पिवळं खाल्लं. पांढरं हुंगलं आणि कठड्यावरून निघून गेलं.

थाळीतल्या पांढऱ्यासमोर अण्णा बराच वेळ बसून राहिले. समोरचा पाट रिकामा होता. मग उठले, खाल्लं काहीच नव्हतं तरी नीट चूळ भरली, आणि आत गेले.