नव्याचा भात

"नव्या तांदळाचा पहिला भात धाऊच्या ताटात. तू सोताच्या हातानं न्यायचा गो. मग आपली पंगत."

सासूबाई जायच्या आधी हे सांगून गेल्या, आणि मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. धाऊवन्सं ह्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आल्या, पंचवीस वर्षं आमच्या शेतात लावणी केली. आता ओढ्यापलीकडच्या पाड्यावर एकट्या राहतात.

काल गिरणीतून नवा तांदूळ भरडून आला. आज पूजा झाल्यावर तो शिजवला, देवाला नैवेद्य दाखवला आणि टोपावर झाकण ठेवलं. ते तसंच राहिलं.

ओट्यावर छान ऊन आलं होतं. गवती चहा केला, वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. एरवी अशा दिवशी मला स्वर्ग हवा नसतो. आज मात्र चहा गार झाला तरी हातातच. उठून तुळशीचं आळं उकरलं, परत बसले. जप धरला, तर मणी कुठवर आले तेच कळेना.

दिवाळीत वन्सं चारचौघांत म्हणाल्या होत्या, "रोज देवाला फुलं, माणसाला मात्र शब्द नाय." मी आवाज न चढवता बोलले, "तुळशीची शपथ, तुमची पायरी पुन्हा चढणार नाही." बोललेला शब्द मी मोडत नाही. आता एक शब्द मोडल्याशिवाय दुसरा पाळता येत नव्हता.

"झाकण उघडतेस का टोपाची पूजा मांडतेस?" हे दारातून म्हणाले. "वासानंच पोट भरायचं का?"

"थांबा जरा."

"मग दे त्या शेजारच्या ऋतिकच्या गाडीवर धाडून. भात आक्काच्या घरी गेल्याशी मतलब."

"तसा चालत नाही तो."

"मग तू जा."

मी शेंगाच सोलत राहिले.

तेवढ्यात पाड्यावरची वन्संची शेजारीण लहानी विरजण मागायला आली. वाटी पुढं करत म्हणाली, "वैनी, धाऊआक्काचं काय कळत नाय बघा. सकाळपासनं दारात बसलेय. चूल पेटवली नाय. ताट धुऊन बाजूला ठेवलंय. मी इचारलं, कुनाची वाट बघताव? तर म्हनते, कुनाची नाय गो, ऊन खातेय."

हे हसले. मला हसू आलं नाही. वन्संचं ऊन दहालाच घराआड जातं, हे मला ठाऊक आहे; आता तर बारा वाजत आले होते.

लहानी गेल्यावर तुळशीपुढं उभी राहिले. म्हटलं, दोष लागायचा तो मला लागू दे, त्यांच्या ताटाला नको. भात पुन्हा वाफवला, वर तुपाची धार सोडली, डबा फडक्यात बांधला.

"अगो, आणि मी?"

"तुम्ही मी आल्यावर," मी म्हणाले, आणि डोक्यावरून पदर घेऊन ओढ्याच्या वाटेला लागले.