कमळाचा आकाशकंदील

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कसा बसावा? माझी स्वतःची दोन पातीच जन्मभर एकमेकांना घासत आली आहेत.

माझं तरुणपण मिरकरवाडा बंदरात गलबतांच्या शिडांचं जाड कापड कापण्यात गेलं. पुढे शिडं शिवणारा सखाराम थकला आणि मी त्याच्या थोरल्या सुनेच्या, कमळाच्या हाती आले. गणपतीला कागदी फुलं, दिवाळीला आकाशकंदील, असं हलकं काम. शेजारणी माझं आणि कमळाचं भारी कौतुक करत. मला त्या कौतुकाचाही संशय येई. उद्या मला मागून न्यायच्या आणि परत द्यायला विसरायच्या!

एकतीस सालच्या दिवाळीला कमळाचा नवरा गंगाराम दोन वर्षांनी बोटीवरून घरी येणार होता. तिने बांबूच्या काड्या बांधल्या, लाल पतंगी कागद बेतला. भाताच्या पेजेची खळ केली आणि ती चिकट व्हावी म्हणून तीत गूळ घातला. कंदील पडवीत वाळत ठेवला. सकाळी पाहते तर कागदाच्या चिंध्या झालेल्या आणि मी जागेवर नाही.

मी सापडले धाकट्या जावेच्या, हौसाच्या तान्ह्या बाळाच्या उशाखाली.

"माज्या घरी दिवाळी येतेय, ती सलली काय गो तुज्या डोळ्यांत?" कमळा कडाडली.

"बाय, पोर दचकत होतं. उशाचा कोयता ह्यांनी माडावर नेला. लोखंड हवं म्हणून कात्री घेतली," हौसा म्हणाली. "तुमी निजला होता, उठवलं नाय."

"चोरून घेतलीस ती घेतलीस, वर पोराला पुढे करतेस!"

मला राग आला. त्या चिंध्यांची कड मी पाहिली होती. कातरलेली कड सरळ असते. ही तर कुरतडलेली होती. पण कात्रीचं कोण ऐकतं? हौसा बाळाला घेऊन जयगडला माहेरी निघून गेली.

कमळाने त्याच गोड खळीने दुसरा कंदील केला. विहिरीवरून परत येते तर दिवेलागणीच्या अंधारात कागदाच्या सांध्यांवर झुरळांची पंगत बसलेली! कमळाने आदल्या कंदिलाची चिंधी उजेडात धरली; तिचीही कड कुरतडलेलीच होती.

गंगाराम आला, तर त्याला चहाही न विचारता ती म्हणाली, "आधी जयगडला चला." तिथे तिने हौसाचे हात धरले. "चुकले गो मी. तुजा काय दोष नव्हता."

"बाय, तुमी नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं," हौसा म्हणाली.

हौसा परत आली. हसली, बोलली, सगळं केलं. पण त्या दिवसापासून ती घरातलं चिमूटभर मीठसुद्धा विचारल्याशिवाय घेईनाशी झाली. "बाय, घेऊ काय?" हे ऐकलं की दर वेळी कमळाचा चेहरा पडे.

आज मला गंज चढला आहे, तुम्ही मला तेल द्याल तर मी पुन्हा चालेन. पण मित्रांनो, संशयाचा गंज तेलाने जात नाही, म्हणून घरच्या माणसावर संशय घेण्याआधी त्याला एकदा विचारा. हौसा म्हातारी झाली, तरी कमळाकडे मीठ मागतच राहिली.