चौसष्टच्या पुढचे

"जेवले का गं ते बाकीचे?" वैजयंताबाईंनी दारातूनच विचारलं.

"नाही आई. परत चौसष्टवरच अडकलंय."

भाईंदरच्या नवघरमधल्या त्या दोन खोल्यांत सुनेचं काम सासूला आपल्या परीने कळलं होतं. राजश्री सुट्टीच्या दिवशी एका मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करायची. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, कुणीतरी फार पूर्वी चौसष्टच प्रोसेसरची मर्यादा घातली होती. मशीनमध्ये त्याहून जास्त असले तर उरलेले नुसते बसून राहायचे. "पंगतीला बोलावून पान वाढायचं नाही, ही कुठली रीत?" असं म्हणून वैजयंताबाईंनी त्या प्रोसेसरची बाजू घेतली होती.

वर्षभर खपून राजश्रीने ती मर्यादा ठिकठिकाणाहून उपटली. परदेशातल्या एका विद्यापीठाने त्यांचं अवाढव्य मशीन इंटरनेटवरून आज संध्याकाळपर्यंत चाचणीला दिलं होतं. आज जमलं नाही तर तिची मेहनत सिस्टीमच्या नव्या आवृत्तीबाहेर राहणार होती. तिला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात तिचा नवरा प्रितम खालून हसत आला. "सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय, पार्किंगवरचे पत्रे काढायचे नाहीत. टेम्पररी आहेत बोलतो. अरे, आपल्या लग्नाच्या आधीपासून टेम्पररी?"

राजश्री हसली आणि हसता हसता थांबली. प्रोसेसर जागे करणाऱ्या भागात कोडचा एक छोटा तुकडा होता. त्याच्यावर लिहिलं होतं, 'तात्पुरतं आहे, लवकरच काढू.' निघणारच आहे म्हणून तिने त्याला हातच लावला नव्हता.

"भाईंदरमध्ये राहून मी तात्पुरत्यावर विश्वास ठेवला," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तो तुकडा बदलून तिने मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर दर प्रोसेसरची एक अशा हिरव्या पट्ट्या उमटू लागल्या. चौसष्टावी आली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पासष्टावी आली आणि पुढच्या रांगा भराभर भरत गेल्या. राजश्रीने आनंदाने प्रितमचा दंड इतका दाबला की तो कळवळला.

वैजयंताबाई चष्मा लावून पडद्याशी वाकल्या. "शेवटचा कुठला?"

"हा, कोपऱ्यातला."

तो हिरवा होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "झालं, सगळ्यांचं झालं. चल, आता आपल्या दोघींची पानं घेते."

त्याही तोवर जेवल्या नव्हत्या, हे राजश्रीला तेव्हा कळलं.