पुसलेल्या फाइलची जागा

मुलाखतीच्या पाचव्या फेरीचं बोलावणं आलं तेव्हा आई म्हणाली, “अगं, एवढ्या तपासण्या तर ऑपरेशनच्या आधीही करत नाहीत. नोकरी देतायत की किडनी काढतायत?”

मला हसू आलं नाही. माझं आताच्या कामाचं कंत्राट तीस तारखेला संपत होतं आणि आज बावीस होती.

बोलावणारी कंपनी दवाखान्यांना रक्ततपासणीचे अहवाल पाठवते. मुलाखतीच्या खोलीत एक लॅपटॉप होता आणि समोर दुसऱ्या फेरीतलाच परीक्षक. त्याला मी आठवत नव्हते.

“हा सर्व्हर भरलाय. वीस मिनिटांत जागा करा.”

मोठी फाइल कुणीतरी आधीच पुसली होती, तरी जागा सुटली नव्हती. एक प्रोग्रॅम ती अजून धरून बसला होता. तो बंद करून पुन्हा सुरू केला, तरच जागा सुटणार होती.

“हा प्रोग्रॅम पुसलेली फाइल धरून बसलाय. बंद केला तर कुणाचं काम अडेल?” मी विचारलं.

“सरावाचं मशीन आहे हो. आणखी जुन्या फाइली उडवा की बिनधास्त. उत्तर तेच आहे.”

“त्याने आजचा दिवस निघेल. उद्या पुन्हा भरेल.”

“माझ्या कागदावर एवढंच लिहिलंय, मॅडम.”

मी काहीच उडवलं नाही. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायला हवा, हे कारणासकट लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी मेल आली: निवड नाही. ज्ञान चांगले, निर्णयाचा वेग कमी.

सव्वीस तारखेला दुपारी त्याच परीक्षकाचा फोन आला. “मॅडम, ओळखलंत का?”

“मी दोन्ही वेळा ओळखलं होतं.”

“ते तुम्ही म्हणाला होतात ना, धरून बसलेला प्रोग्रॅम... आमचं खरं मशीन सकाळपासून अडलंय. कितीही पुसलं तरी जागाच होत नाही.”

“मी लिहून दिलं होतं.”

“नाकारलेल्यांचे कागद आम्ही फाडतो.”

“मग ही सहावी फेरी धरायची का?”

“ते... वर विचारावं लागेल.”

“विचारा.” मी फोन ठेवला.

दहा मिनिटं मी चहाचा तोच कप घासत राहिले. सकाळपासून, म्हणजे किती अहवाल? शेवटी प्रोग्रॅम कसा शोधायचा आणि कसा सुरू करायचा, ते दोन ओळींत पाठवलं.

“फुकट सांगितलंस?” आईने विचारलं.

“माणसं अहवालाची वाट बघत असतील.”

पाऊण तासाने उत्तर आलं: “सुटलं! आभारी आहे. पुढच्या भरतीत जरूर अर्ज करा. पहिल्या फेरीपासून यावं लागेल, नियम आहे.”

आईने ते मोठ्याने दोनदा वाचलं. मी फोन तिच्या हातातून घेतला आणि त्याचा नंबर पुसून टाकला.