लेगॉस ते अबुजा, एक तास

आबेकेने केळ्याचे काप तेलात सोडले आणि खांद्याने फोन कानाशी दाबून धरला.

"अजून धावपट्टीवरच उभंय गं आई," मोरायो म्हणाली. "आता सुटेल."

सकाळपासून ही तिसरी वेळ. नाताळच्या तोंडावर विमानं रखडायचीच, त्यात नवल नव्हतं. आणि लेगॉसहून अबुजाला विमानाने लागतो तो जेमतेम एक तास. रस्त्याने दिवस मोडतो. त्याच रस्त्यावरून आबेकेच्या भाच्याला बंदूकवाल्यांनी बसमधून उतरवून रानात नेलं होतं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हाच तिने लेकीला शपथ घातली होती, येशील तर विमानानेच.

"मासे घ्या, सुके मासे! ताई, खिडकी उघडा की!"

फोनमधून बाईचा खणखणीत आवाज आला. आबेकेचा झारा हातातच राहिला. गाड्यांच्या खिडक्यांशी असे मासे विकतात ते त्याच रस्त्यावर, लोकोजाला, नदीच्या काठी. तिथून पुढे रान होतं आणि दिवस कलला होता.

रागाने तिच्या जिभेवर काय काय आलं. पण पोर आधीच घाबरलेली असणार.

"मोरायो, कानातले काढून बुटात ठेव."

"विमानात कशाला गं?"

"विमानातसुद्धा. खिडकीपासून लांब बस. फोन आत ठेव, कुणाला दाखवू नकोस."

पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू आली.

"बरं," मोरायो अगदी बारीक आवाजात म्हणाली.

आबेकेने गॅस बंद केला. नवरा, लाडिपो, दारात बूट चढवत होता. सकाळपासून तो गमती करत होता, वैमानिक झोपला असेल म्हणून.

"विमानतळावर जाऊन बसतो," तो म्हणाला.

"मीही येते, मोरायोचे बाबा."

त्याने नको म्हणून पाहिलं, पण ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा. मासेवालीचं त्याला सांगायचा धीर तिला होईना. त्याचं हृदय आधीच नाजूक.

विमानतळाचं वळण आलं. गाडी सरळ पुढे गेली, लेगॉसच्या बसगाड्या लागतात त्या अड्ड्याकडे. आबेकेने त्याच्याकडे पाहिलं.

"विमान पहाटेच रद्द झालं," समोर बघत तो म्हणाला. "सणाला यायचंच म्हणाली. तुला सांगितलं असतं तर दिवसभर घास उतरला नसता तुझ्या घशाखाली."

"आता तरी कुठं उतरलाय, मेल्या!"

नवऱ्याला असं ती कधी बोलत नसे.

अंधार पडला. लेगॉसची एक गाडी आली तशी दोघंही धावली. परक्यांच्या मुली एकेक करून खाली उतरल्या, आणि शेवटी ड्रायव्हरने दार लावून घेतलं.

"मागे अजून एक गाडी होती ना?" लाडिपोने विचारलं.

"होती," ड्रायव्हर म्हणाला, आणि चाकं बघायला खाली वाकला.